वाडीतला अंधार आणि आईचा शनी

दिवाळी अंकात आपल्या कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं मी वाचलेली आहेत. कुणी आयुष्यभर एसटी चालवलेली असते, कुणी बाळंतपणं केलेली असतात, कुणी कोर्टात टाइपरायटर बडवलेला असतो. त्यांच्या लेखांच्या रांगेत माझा लेख यावा हे मला बरोबर वाटत नाही. मी अजून कॉलेजात शिकतो आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहायचा हे विचारावं असं घरात कोणी नाही. संपादकांना मी तसं कळवलंही. ते म्हणाले, "हे काम करणारा दुसरा कुणी आमच्या ओळखीचा नाही, तूच लिही." म्हणून हे धाडस करतो आहे. चुकलं तर मोठ्या मनानं माफ करावं.

काम सांगायला सोपं आहे. शनिवारी संध्याकाळी मी लोकांना आकाश दाखवतो.

आमची वाडी चाकणच्या पश्चिमेला, एका डोंगराच्या मागे आहे. डोंगराच्या त्या बाजूला महाळुंग्याच्या कंपन्या. त्यांच्या दिव्यांचा पिवळसर उजेड रात्रभर डोंगराच्या माथ्यावर तरंगत असतो, पण डोंगर आड आल्यामुळे वाडीत उतरत नाही. वाडीत अंधार असतो. आमच्या दृष्टीनं ही तक्रारीची गोष्ट होती. बाहेरचा कोणीही आला, की आधी पाण्याचं सांगायचं आणि मग दिव्याचं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आमचे भौतिकशास्त्राचे सर एकदा घरी आले होते. जेवण झाल्यावर हात धुवायला अंगणात आले आणि वर बघत तसेच उभे राहिले. हात वाळून गेले तरी हलेनात. मग म्हणाले, "अरे, तुमच्याकडे अजून अंधार आहे!"

आमच्या शेजारच्या शेवंताकाकू तिथंच भांडी घासत होत्या. त्यांना ते टोचलं. "आता काय करता साहेब, सांगून दमलो. कोण दिवाच लावीना."

सरांनी त्यांना समजावलं, की पुणे-पिंपरीची माणसं असा अंधार शोधत गाड्या घेऊन लांब लांब जातात, रात्रीचं जेवण मागतात, चांदण्या बघतात आणि त्याचे पैसेही देतात. काकूंनी राखेचा हात तसाच कमरेवर ठेवला.

"अंधाराचं पैसं? आणा की मग. आमच्याकडं लय पडलाय."

असं ते सुरू झालं. काकू बचत गटाच्या अध्यक्ष, त्यामुळे ठरवायला वेळ लागला नाही. कॉलेजच्या विज्ञान मंडळानं एक भिंगाची दुर्बीण वापरायला दिली. पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत शनिवारी पाहुणे येऊ लागले. गटातल्या बायका पिठलं, भाकरी, ठेचा आणि हुलग्याची शेंगोळी करायच्या, आप्पा म्हणजे माझे वडील गाड्या लावून घ्यायचे, आणि मी मैदानात दुर्बिणीजवळ.

या कामाबद्दल बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. दुर्बीण दाखवणं सोपं असतं, माणसाला अंधार दाखवणं कठीण. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि मोबाइल एकदा उघडला की ती सवय मोडते. म्हणून मी आधी मोबाइल एका टोपलीत जमा करतो. माझ्या बॅटरीला लाल पतंगाचा कागद लावलेला आहे, लाल उजेडानं डोळे बिघडत नाहीत. पृथ्वी फिरत असल्यामुळे दुर्बिणीतला तारा सारखा सरकत सरकत बाहेर जातो, त्याला मागून हळूच गाठावं लागतं. आणि एक डोळा मिटणं पुष्कळ मोठ्या माणसांना येत नाही. ते तोंड वाकडं करून दोन्ही डोळे मिटतात आणि म्हणतात, "काही दिसत नाही हो." त्यांना मी दुसऱ्या डोळ्यावर हात ठेवायला सांगतो.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. पुनावळ्याच्या एका सोसायटीतले आजोबा आले होते. त्यांनी आकाशगंगा पाहिली आणि सुनेला म्हणाले, "लहानपणी आमच्या गावाला ही होती. मला वाटलं, बंद झाली."

आणखी एक माणूस माझ्या लक्षात राहिला. लातूरकडचा, महाळुंग्याला कंपनीत कामाला. तो एकटाच मोटारसायकलवर आला, डिकीत तेलाची बाटली. त्याला साडेसाती होती. बाकीचे चंद्र बघत होते आणि हा लांब उभा.

"सर, एक इचारू का? ह्याच्यातून आपण त्याला बगितलं, तर तो बी आपल्याला बगतो का?"

मी त्याला खरं ते सांगितलं. शनीवरून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला तासाहून जास्त वेळ लागतो, आपल्याला दिसतो तो मघाचा शनी.

त्यानं विचार केला. "म्हंजे आत्ता तो कुठं बगायलाय, ते आपल्याला ठावंच नाही."

"नाही."

"मग बगतो," म्हणाला. बघितलं, आणि जाताना बाटलीतलं थोडं तेल दुर्बिणीच्या तिवईच्या पायाशी ओतून गेला. त्या जागी दुसऱ्या शनिवारी मीच घसरलो.

मी हसून सांगतो आहे, पण अशी माणसं मला परकी नाहीत. माझ्या घरातच त्यातलं एक होतं.

आप्पा पूर्वी एका प्रेस शॉपमध्ये मशीनवर होते. मी सहावीत असताना मशीननं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. तेव्हा कुणीतरी आईला सांगितलं, की घरधन्याला साडेसाती चालू आहे. त्या दिवसापासून आई शनिवार धरते. आप्पांचं काम सुटलं आणि आई कंत्राटदाराकडून एका कंपनीच्या पॅकिंगला जायला लागली. पाळीभर उभं राहायचं. घरी आली की पाय भिंतीला वर लावून पडायची, घोट्याजवळ बोट दाबलं तर खड्डा राहायचा. मी ते बोट दाबून बघायचो. आकाशदर्शन सुरू झालं, हळूहळू गाठीला काही राहू लागलं, आणि दुसऱ्या वर्षी आईनं पॅकिंग सोडलं. पाहुण्यांचं जेवण, त्यांच्यासाठी पापड-शेंगदाणाचटणी, मधल्या दिवसांत शाळांच्या सहली, असं तिचं चालू झालं. तिच्या पायांची सूज उतरली.

पण तिनं दुर्बिणीला कधी डोळा लावला नाही. माणसं शनिवारी येणार, शनी बघणार, आणि ही दिवसभर उपाशी राहून त्यांच्या भाकऱ्या थापणार. मी म्हणायचो, "आई, एकदा बघ तरी."

"नगं बाबा. आपल्यावर एकदा नजर पडली तेवढी पुरं झाली."

चंद्रसुद्धा नको म्हणायची. ज्या नळीतून शनी दिसतो त्या नळीला तिला हात लावायचा नव्हता.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला एक प्रकार घडला. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, कुदळ, आप्पांची सायकल, मिक्सर, सगळी मांडून हळदकुंकू वाहायचं. शेवंताकाकू म्हणाल्या, गटाचं खरं अवजार तर दुर्बीण, आणि ती त्यांनी पाटावर मांडली. मी कॉलेजात होतो. घरी आलो तेव्हा दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर हळदकुंकवाचं ओलं गंध, त्याला चिकटलेल्या अक्षता, आणि वर झेंडूचं फूल.

"काकू, काचेवर कशाला लावलं?"

"मग कुठं लावू? कपाळ तेच न्हव का तिचं?"

माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी बिघडलंय असं कळलं, आणि मी पोचायच्या आत त्यांनी पदरानं काच खसाखसा पुसून दिली. अक्षतांसकट. भिंगावर इतके बारीक ओरखडे उठले, की चंद्र धुक्यातल्यासारखा दिसायला लागला. आई दाराशी उभी होती. तिनं फूल वाहिलं होतं, पण पाटापासून हातभर लांब.

मी घाबरत सरांकडे गेलो. सरांनी भिंग उजेडात धरून पाहिलं. कोपऱ्यात अजून पिवळं होतं. ते म्हणाले, "आमच्या मंडळात ही आली त्याला किती वर्षं झाली, आम्ही कधी तिला फूल वाहिलं नाही. आता कुणाला रागवायचं?" दुर्बीण दुरुस्तीला गेली ती संक्रांत उलटली तरी परत आली नाही.

पाहुण्यांना मात्र येऊ नका म्हणून सांगायचं राहून गेलं. रावेतच्या एका सोसायटीची गाडी येऊन उभी राहिली. जेवणं झाली, सगळे मैदानात सतरंज्यांवर बसले आणि दुर्बीण कुठे म्हणून विचारू लागले. तेव्हा काकू पदर खोचून पुढं आल्या. "बिघाड आमच्या हातनं झालाय, तवा आमीच सांगतो," म्हणाल्या आणि खाली बसल्या. पूर्वेला कृत्तिका वर येत होत्या. काकू म्हणाल्या, ह्या माहेराला निघालेल्या पोरी. घोळक्यानं चालल्यात, एक मागं रेंगाळली, तिला सासूनं उशिरा सोडलं. मग गटातली एक आजी म्हणाली, "अगं, सात न्हाई दिसत, सहाच हायत्या. सातवीला सोडलंच न्हाई." त्यावर तिथं बसलेल्या शहरातल्या बायका इतक्या जोरात हसल्या, की मला माझी बॅटरी विझवून गप्प बसावंसं वाटलं.

त्या हिवाळ्यात आकाश बायकांनीच दाखवलं. मृग नक्षत्रातली तीन कांडं, फाल्गुनात वर येणारं म्हातारीचं बाजलं म्हणजे सप्तर्षींचा चौकोन, आणि ते चोरायला आलेले तीन चोर. यातलं बरंच मी लहानपणी ऐकलं होतं आणि शास्त्र शिकायला लागल्यावर विसरलो होतो. दुर्बीण परत आली तरी पाहुणे गोष्टी मागायचे. आता क्रम असा आहे, आधी काकू, मग मी. माझ्या वेळेला निम्मी माणसं पेंगतात.

आता गेल्या दिवाळीनंतरचं सांगतो. यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

आमच्या ग्रामपंचायतीला हायमास्ट दिवा मंजूर झाला. हायमास्ट म्हणजे उंच खांब आणि त्यावर चारही बाजूंना मोठे दिवे. शेजारच्या गावात तो आहे आणि लांबून दिसतो, आमच्या लोकांना त्याचं मोठं अप्रूप. तो आमच्या मैदानात, बरोबर दुर्बिणीच्या जागेवर उभा राहणार होता. तो लागला की वाडीत डझनभर चांदण्या उरल्या असत्या, आणि तेवढ्या तर रावेतलाही दिसतात. शनिवार बंद झाले असते. मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा पॅकिंगला घालायचे तिचे बूट धुऊन पत्र्यावर वाळत घातलेले पाहिले.

दिवा आणणारे गणपतनाना, आमचे उपसरपंच. माणूस वाईट नाही. त्यांची रूपाली कंपनीत आहे. दुसऱ्या शिफ्टवरून कंपनीची बस तिला फाट्यावर सोडते आणि तिथून वाडीपर्यंत ती आणि आणखी दोन पोरी अंधारात चालत येतात. नाना मला मैदानात भेटले.

"मास्तर, तुमच्या चांदण्या कुठं पळून जात न्हाईत. शहरातली माणसं येत्यात, अंधार बघून खूश हुत्यात, गाडीत बसून जात्यात. आमच्या पोरी त्याच अंधारात ठेचकाळत्यात. त्याचं काय?"

ते बरोबर होतं. रूपाली मागून पाण्याची कळशी घेऊन येत होती. ती म्हणाली, "नाना, दिवा मैदानात लावणार तुमी, आन मी ठेचकाळते रस्त्यावर. मैदानात कोण चालतंय?"

"तू मधी बोलू नगंस."

"चालते मी, आन बोलायचं कुणी?"

नाना चिडले. आई मैदानालगतच्या आमच्या ओसरीवर भाकरी थापत होती, तिच्याकडे वळले. "आन तू गं वहिनी. लोकांना शनी दाखवून जेवाय वाढता, पर तू सोता कधी डोळा लावलास का? जे तुमाला घरात सोसत न्हाई ते गावाला कशापायी सोसाय लावता?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली होती. आई कधी भाकरी करपू देत नाही.

ग्रामसभा शनिवारी ठरली आणि त्याच दिवशी आणि सोमवारी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी काकूंना फोनवर समजावत होतो, काय मुद्दे मांडायचे, पर्यटन, रोजगार, लोककथा. काकू पाण्याच्या टाकीवर चढून बोलत होत्या, कारण वाडीत रेंज फक्त तिथं येते. "तू गप पेपर लिही," म्हणाल्या. "आमाला बोलता येतं. ही टाकी लय थंड हाय, उतरू दे मला."

त्या संध्याकाळी मी कॉलेजसाठी घेतलेल्या रावेतच्या खोलीवर होतो. इमारतीच्या गच्चीवर गेलो. हायवेच्या दिव्यांमुळे आकाश राखेसारखं दिसत होतं, पण दक्षिणेकडे शनी होता. तो शहरातूनही दिसतो. त्या वर्षी त्याच्या कड्याची कडा आपल्याकडे वळलेली होती, त्यामुळे दुर्बिणीतून कडं न दिसता नुसती रेघ दिसायची. पाहुणे थोडे नाराज व्हायचे. मला त्या वेळी त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी फक्त फोनकडे बघत होतो.

फोन आला नाही. रविवारीही आला नाही. टाकीवर कुणी चढलं नसावं, किंवा सांगण्यासारखं काही नसावं, असं मी धरून चाललो. सोमवारची परीक्षा संपली की आईला पॅकिंगला जाऊ द्यायचं नाही, मीच कुठंतरी शिफ्ट धरायची आणि कॉलेज जमेल तसं करायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

खरं सांगायचं तर आमच्या वाडीचा अंधार फार वर्षं टिकेल असं मला वाटत नाही. डोंगरावरचा उजेड दरवर्षी जरा जास्त पिवळा होतो. पलीकडून नवा रस्ता येतो आहे म्हणतात. हे मी पाहुण्यांना सांगत नाही, ते सुट्टी काढून आलेले असतात.

सोमवारी सकाळी रूपाली पहिल्या शिफ्टला निघाली. कंपनीची बस डोंगराची खिंड ओलांडते, तिथं सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागतात आणि अडकून पडलेले निरोप सुटतात. माझ्या फोनवर तिचा आवाजातला निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या दारात रांगेत उभा होतो. रांग सोडून मी जिन्याखाली गेलो.

आधी रूपाली बोलत होती, मागे बसचा आवाज. सभा सांजेपर्यंत चालली. काकूंनी सांगितलं, रूपालीनंही सांगितलं, पण नानांनी सगळ्यांसमोर पुन्हा तेच काढलं, की करणारीच बघत नाही. तेव्हा माझी आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "लावा दुर्बीण." सगळी सभा मैदानात गेली. आप्पांनी दुर्बीण लावली. मी दर वेळी कशी लावतो ते त्यांनी लांबून बघून बघून ठेवलं होतं, तीन बोटांनी स्क्रू आवळला. आईनं एका डोळ्यावर पदर धरला आणि वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग नानांना म्हणाली, "या आता भावजी, तुमी बघा," आणि नानांना बघावं लागलं. त्यांना एक डोळा मिटता येईना, रूपालीनं त्यांच्या डोळ्यावर हात धरला. ठराव बदलला आहे. मैदानात खांब नाही. फाट्यापासून वाडीपर्यंत रस्त्याला दिवे, वरून झाकणाचे, उजेड फक्त पायाखाली पडेल असे. शेजारच्या गावाला काय सांगायचं, असं नाना अजून म्हणत आहेत.

मग रूपाली म्हणाली, "थांब, काकीचं बी भरून घेतलंय काल, ते ऐक." आणि आईचा आवाज आला. आई फोनवर नेहमी मोठ्यांदा बोलते, लांब असलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"सोम्या, पेपर बरा गेला का? बघितला बरं का मी. आप्पांचा हात धरला व्हता, लय भ्या वाटत व्हतं. इतका आवळला की ते म्हणलं, सोड, दुखतंय. केवढंसं हाय रं ते! मण्यात सुई अडकल्यावानी. मला वाटलं, आता बघंल, मग बघंल. तर ते आपलं हळूहळू सरकत कडंला गेलं आन निघून गेलं. माझ्याकडं बघितलंबी न्हाई त्यानं. आपल्या वाटंनं चाललं व्हतं बिचारं."